प्रभात फिल्म कंपनी

प्रभात फिल्म कंपनी : कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी सुरू झालेली आणि १९३३ पासून पुण्यात स्थिरावलेली चित्रपटनिर्मिती संस्था. मूकपटाच्या अखेरच्या दिवसांत जन्मलेल्या या संस्थेने बोलपटाच्या पहिल्या दशकात मराठी आणि हिंदीत मोठा नावलौकिक मिळवला. १९५०नंतर काही वर्षांतच तिचा कारभार आटोपला.

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले चौघे तिथून बाहेर पडले आणि त्यांनी आपला संसार वेगळा थाटला : विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर. पैशाची बाजू सांभाळायला कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी आले. पाच भागीदार, पाच कामे. दामले ध्वनिमुद्रण पाहत, फत्तेलाल कलादिग्दर्शन, धायबर कॅमेरा, शांताराम दिग्दर्शन आणि कुलकर्णी हिशेब. भाडोत्री तंत्रज्ञावर अडून राहावे अशी जागाच त्यांनी ठेवली नव्हती. कंपनीत दामल्यांना ‘दामलेमामा’ आणि फत्तेलाल यांना ‘साहेबमामा’ म्हणत. ‘प्रभात’चे बळ या घरगुती घडीत होते आणि तिचा धोकाही तिथेच होता, कारण भागीदार उठून गेला की त्याच्याबरोबर एक अख्खे खातेच उठून जाई.

पहिला मूकपट ‘गोपाळकृष्ण’ (१९२९). ‘उदयकाल’ (१९३०) या शिवकालीन चित्रपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते. ते सेन्सॉरला खटकले आणि बदलावे लागले. तुतारी फुंकणारी स्त्री हे कंपनीचे बोधचिन्ह होते. बोलपट आला तेव्हा तिने तो लगेच आपलासा केला. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा तिचा पहिला बोलपट गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना घेऊन मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. ही दुहेरी पद्धत पुढे कंपनीची वहिवाटच झाली. सेट, प्रकाशयोजना, कॅमेरा सगळे तेच. एक प्रसंग मराठीत झाला की तोच हिंदीत. एका खर्चात दोन बाजारपेठा मिळत. काही भूमिकांना मात्र भाषेप्रमाणे नट बदलावा लागे. ‘शेजारी’त (१९४१) केशवराव दाते यांनी केलेली हिंदू शेजाऱ्याची भूमिका त्याच्या हिंदी आवृत्तीत, म्हणजे ‘पडोसी’त, मझहर खान यांच्याकडे होती. गजानन जागीरदार मात्र दोन्हींत मुसलमान शेजारी मिर्झाच राहिले. म्हणजे हिंदीत मुसलमान नटाने हिंदू शेजारी उभा केला आणि हिंदू नटाने मुसलमान. चित्रपटाचा विषयच हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांची मैत्री हा असल्याने ही निवड बोलकी आहे.

सगळेच प्रयोग साधले असे नाही. ‘सैरंध्री’ (१९३३) रंगीत करायचा म्हणून त्याच्या प्रती जर्मनीत तयार करून घेतल्या, पण रंग काही जमले नाहीत. त्याच वर्षी कंपनीने कोल्हापूर सोडले आणि पुण्याच्या एरंडवण्यात स्वतःचा स्टुडिओ उभारला. पुण्यातला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४). त्यात नट चंद्रमोहन यांचा एकच डोळा टेलिफोटो (दूरचे जवळ आणणाऱ्या) लेन्सने पडदाभर दाखवला आहे. आजही तो समोर आला की माणूस खुर्चीत सावरून बसतो. बालगंधर्वांना संत एकनाथांच्या भूमिकेत आणणाऱ्या ‘धर्मात्मा’चे (१९३५) मूळ नाव ‘महात्मा’ होते. गांधीजींचा संदर्भ नको म्हणून सेन्सॉरने तेही बदलायला लावले.

दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ने (१९३६) कंपनीला कळसाला नेले. विष्णुपंत पागनीस यांनी तुकाराम साकारलेला हा चित्रपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याच वर्षी शांताराम यांचा ‘कुंकू’ आला. म्हणजे एकाच छताखाली एकीकडे संतपट आणि दुसरीकडे जरठ-बाला विवाहाविरुद्ध उभी राहणारी नायिका. ‘प्रभात म्हणजे संतपट’ हे समीकरण त्यामुळे अर्धेच खरे आहे.

नट, वादक, सुतार, रंगारी सारे महिन्याच्या पगारावर आणि करारावर असत. या व्यवस्थेत शिस्त होती, तशी कुचंबणाही. ‘कुंकू’ची नायिका शांता आपटे यांनी १९३९ साली कराराच्या वादातून स्टुडिओच्या फाटकापाशीच उपोषण मांडले. बोलपटाच्या इतिहासात हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला जातो. खरे तर नटाने मालकाशी उघड्यावर मांडलेले ते भांडण होते.

धायबर आधीच बाहेर पडले होते. पुढे वितरणातले बाबूराव पै भागीदार झाले. खरा घाव बसला तो १९४२ साली : शांताराम गेले आणि त्यांनी परळला राजकमल कलामंदिर काढले. त्यानंतरही ‘रामशास्त्री’सारखा (१९४४) गाजलेला चित्रपट निघाला, पण १९४५ साली दामले वारले आणि उरलीसुरली घडी विस्कटली. ‘हम एक हैं’मधून (१९४६) देव आनंद पडद्यावर आले. त्याच चित्रपटाची नृत्ये बसवणारे गुरुदत्तही तेव्हा ‘प्रभात’च्याच पगारावर होते. मावळतीलाही कंपनी माणसे घडवत होती, फक्त ती आता इतरांच्या कामी येणार होती.

अखेर मालमत्ता विकली गेली. चित्रपटांचे हक्क पुढे दामले यांचे चिरंजीव अनंतराव यांनी परत मिळवले, म्हणून कंपनी गेली तरी चित्रपट एका घरात राहिले. मूळ नायट्रेट (चटकन पेट घेणाऱ्या जुन्या) फिल्मच्या वाट्याला मात्र ते भाग्य आले नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या साठ्याला आग लागली आणि त्यातला बराच ऐवज जळाला. आज दिसतात त्या नंतर काढलेल्या प्रती.

शहरात नाव रेंगाळले ते वेगळ्या वाटेने. एरंडवण्यातला प्रभात रस्ता कंपनीचाच. अप्पा बळवंत चौकाजवळचे प्रभात चित्रपटगृह किबे कुटुंबाच्या जागेत भाडेपट्ट्यावर चाले. २०१४ च्या अखेरीस पट्टा संपला आणि ते ‘किबे लक्ष्मी’ झाले. स्टुडिओच्या जागेवर १९६० साली केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. १९७४ साली दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही तिथे आले. ‘प्रभात’चा चित्रीकरणाचा जुना फ्लोअर तिथे अजून उभा आहे आणि विद्यार्थी त्यात सेट लावतात.