लिंपेट, खरे व आभासी

खडकाळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात घट्ट चिकटून राहणाऱ्या, शंकूच्या आकाराचे बिनपिळाचे कवच असलेल्या सागरी गोगलगायींना सरसकट लिंपेट म्हणतात. हा नैसर्गिक गट नव्हे; लाटांचा मारा सोसणारे असे कवच उदरपाद वर्गात (गोगलगायींच्या वर्गात) अनेकदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले आहे. लिनीअस यांनी १७५८ मध्ये शिखराला छिद्र असलेल्या व आत आडवा पडदा असलेल्या जातींसह यांतील बऱ्याच जाती पॅटेला या एकाच प्रजातीत घातल्या होत्या.

बाहेरच्या रंगावरून व शिरांवरून ओळख पटवणे धोक्याचे असते, कारण एकाच जातीत दोन्ही बरेच बदलतात व शिखर झिजलेले असते. रिकामे कवच उलटे करून स्नायूचा ठसा पाहावा. खऱ्या लिंपेटांत (पॅटेलोगॅस्ट्रोपोडा) तो घोड्याच्या नालासारखा असून त्याचे तोंड पुढे, डोक्याच्या बाजूस उघडते. कवचाची मध्यरेषा आखल्यास ही फट तिच्यावरच येते. सिफोनेरिया या आभासी लिंपेटात फट उजव्या बाजूला असते आणि तिथून कडेपर्यंत एक पन्हळ जाते, त्यामुळे कवचाची उजवी कड किंचित फुगते. जिवंत प्राण्यात डोके पाहिले तरी पुरते : खऱ्या लिंपेटाला शृंगिकांची (डोक्यावरील स्पर्शकांची) जोडी असते, सिफोनेरियाला नसते. मात्र उपटून काढलेला प्राणी सहसा जखमी होतो. खडकावर चिकटलेली जेलीसारखी अंड्यांची वळी हा सिफोनेरियाचा अधिक निरुपद्रवी पुरावा होय. खरे लिंपेट अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात. ठरावीक जागी परत येण्याची सवय दोघांतही आढळते, तेव्हा ती ओळखीच्या कामाची नाही.

सिफोनेरियाचे वर्गीकरण दीर्घकाळ वादग्रस्त राहिले. त्याची प्रावार-गुहा (कवचाखालची पोकळी) हवेत श्वसन करते, पण तिच्यात क्लोमही (कल्लाही) असतो. त्याला फुप्फुसधारी, म्हणजे हवेत श्वास घेणाऱ्या गोगलगायींपैकी, मानणाऱ्यांनी हा क्लोम नंतर उद्भवलेला ठरवला; इतरांनी तोच पश्चक्लोमी (मागच्या बाजूस कल्ला असलेल्या सागरी) गोगलगायींशी नाते असल्याचा पुरावा मानला, आणि सूत्रकणिकांच्या (पेशीतील मायटोकॉन्ड्रियांच्या) जनुकांवरील काही विश्लेषणांचा कलही तिकडेच होता. २०१० मध्ये सुचवलेल्या पॅनपल्मोनाटा या, फुप्फुसधारींनाही सामावणाऱ्या, व्यापक गटात सिफोनेरियाचा समावेश झाला. हाच पर्याय आज अधिक ग्राह्य दिसतो. खऱ्या लिंपेटांचे स्थानही स्थिर नाही : पूर्वी त्यांना उर्वरित सर्व उदरपादांपासून प्रथम वेगळी झालेली शाखा समजत, २०१९ मधील एका जनुकीय अभ्यासाने त्यांना व्हेटिगॅस्ट्रोपोडा या दुसऱ्या उदरपाद गटाच्या जवळ ठेवले. त्यांचे निःसंशय जीवाश्म साधारणतः ट्रायासिक (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या) काळापासूनचे मानतात. त्याआधीच्या शंक्वाकृती कवचांत स्नायूचा ठसा स्पष्ट नसेल तर ती कोणाची हे सांगता येत नाही.

फिसुरेलिडी कुळातील डायोडोरा या लिंपेटाच्या शिखरावर छिद्र असते. कडेखालून आत आलेले पाणी त्यातून बाहेर जाते. या छिद्राला आतून जाडसर कंगोरा असतो, झिजून वा कोरून पडलेल्या भोकाला तो नसतो. त्याच कुळातील एमार्जिन्युलात छिद्राऐवजी पुढच्या कडेला चीर असते.

कोकण व गोव्याच्या खडकांवर, कालवांच्या शेजारी, सेलाना रेडिएटा ही खऱ्या लिंपेटांपैकी बरीच परिचित जाती असून तिचे कवच आतून रुपेरी झाक मारते. सिफोनेरियाही याच खडकांवर सापडतात. क्रेपिड्युला या लिंपेटासारख्या गोगलगायीच्या कुळातील चपट्या कवचात आडवा पडदा असतो. भारतीय किनाऱ्यांवर त्यांतील एर्जिया वॉल्शी ही जाती संन्यासी खेकड्याने बळकावलेल्या शंखांच्या आत चिकटलेली मिळते.