ओझोनचं छिद्र वेगळं, पृथ्वीचं तापणं वेगळं

मोहोर करपला, ऐन मे महिन्यात अवकाळी पाऊस आंबा झोडपून गेला, की आमच्या रत्नागिरीकडे कुणीतरी म्हणतंच, “ओझोनला भोक पडलंय ना, मग दुसरं काय होणार!” आता ओझोन सावरतोय अशी बातमी आली, तर तीच माणसं विचारतात, “म्हणजे उकाडा कमी होईल?” नाही होणार.

तापमानवाढ तुम्हाला ठाऊक आहे: कार्बन डायऑक्साइडसारखे वायू जमिनीवरून वर निघालेली उष्णता अडवतात. ओझोन अडवतो ते वरून खाली येणारे अतिनील किरण. हे किरण कातडी जाळतात, डोळ्यांत मोतीबिंदू आणतात, पण उन्हाच्या एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा थोडाच. शिवाय ‘छिद्र’ म्हणजे विरळ झालेला थर, तोही अंटार्क्टिकावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. कोकणावर ते कधी नव्हतंच.

खरा घोळ होतो तो गॅसपाशी.

मागे पावसाळ्याआधी आमचा एसी माडीवरून खाली आणायचा होता. मेकॅनिकने आउटडोअर युनिटचा नट सैल केला आणि गॅस फुस्सकन हवेत सोडून दिला. मी ओरडलो, तर म्हणाला, “काका, हा ओझोनवाला गॅस नाय. ह्याने काय होत नाय.” पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर, दुसरं साफ चूक. युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव आर-४१०ए लिहिलं होतं.

ओझोन फोडतो तो क्लोरीन. जुन्या फ्रिजमधल्या आर-१२ मध्ये तो होता, म्हणून ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या १९८७च्या माँट्रियल या जागतिक करारानंतर तो गॅस टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्यामुळेच २०४०च्या आसपास बहुतेक जगावरचा आणि २०६६च्या आसपास अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८०च्या पातळीला येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आर-४१०ए मध्ये क्लोरीन नाहीच, ओझोनला त्याचा धोका नाही. पण उष्णता अडवण्यात तो, शंभर वर्षांच्या हिशेबाने, किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट भारी. म्हणून तर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला त्याच करारात दुरुस्ती करून असले गॅसही कमी करायचं ठरलं.

तेव्हा ‘ओझोन-फ्रेंडली’ स्टिकरवर मी भरवसा ठेवत नाही. पट्टीवरचं गॅसचं नाव वाचा. आर-३२ चा तापवण्याचा आकडा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट भारी तो, ६७५च्या घरात, आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा नगण्य. फक्त तो पेट घेणारा, म्हणून जाणकाराकडूनच बसवून घ्या. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यांत चालतो तो अमोनिया ओझोन फोडत नाही आणि पृथ्वीही तापवत नाही, पण गळला तर जिवावर बेततो.

यंदा एसी पुन्हा हलवला, तेव्हा मी शेजारी उभा राहून आधी पंप डाऊन करायला लावलं. सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घेतल्यावरच नट सुटला. दहा-पंधरा मिनिटांचं काम होतं.