पार्श्वभूमी : बिलाआधी विचारला जाणारा मोबाइल नंबर

जळगावच्या सराफ बाजारात, धुळ्यातल्या मेडिकलमध्ये, शहाद्याच्या कापड दुकानात बिल करण्याआधी ‘भाऊ, नंबर सांगा’ म्हटलं की फारसं कुणी अडून बसत नाही. ऑनलाइन पाळतीची चर्चा कुकीजपाशी, म्हणजे संकेतस्थळं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या ओळखखुणांपाशी, सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. खानदेशात मात्र हा प्रश्न काउंटरपासूनच पाहायला हवा.

कुकी आली १९९४ मध्ये. त्रयस्थ कंपन्यांच्या कुकीज मुळातच बंद ठेवाव्यात, असं १९९७ च्या तांत्रिक मानकात सुचवलं होतं. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही, आणि जाहिरातीचा सगळा धंदा त्या फटीतून वाढला.

आपल्याकडे ओळखक्रमांकाची गोष्ट नंदुरबार जिल्ह्यातच सुरू झाली. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली गावात दिला गेला. त्यासाठीचा कायदा आला २०१६ मध्ये. आधी घ्या, नियम मागून बघू, ही रीत तिथून पडली असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. त्याच वर्षी डेटा स्वस्त झाला, आधारवर मिनिटांत सिम मिळू लागलं. २०१८ पर्यंत अनुदानाच्या खताच्या गोणीसाठीही कृषी केंद्रातल्या मशीनवर अंगठा लागू लागला. जिथे अंगठा दिला, तिथे दहा आकडे सांगायला कोण कचरणार?

पण कुकी पुसता येते, नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. दुकानदाराने ग्राहकांची यादी फेसबुकसारख्या जाहिरातीच्या मंचावर चढवली की तिथल्या खात्यांशी नंबर जुळवले जातात. ही सोय २०१२ पासून आहे. जुन्या पेढीवरच्या खतावणीलाही घराघराची उधारी ठाऊक असे, पण ती गल्ला सोडून कुठे जात नसे.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण मूलभूत हक्क ठरवलं. मग समितीचा अहवाल, २०१९ चं विधेयक, २०२२ मध्ये त्याची माघार, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा.

खरा वाद त्यातल्या सातव्या कलमाचा. ग्राहकाने माहिती स्वखुशीने दिली आणि नकार कळवला नाही, तर ज्या कामासाठी दिली त्या कामापुरती वेगळ्या संमतीविना वापरता येते. २०२२ च्या मसुद्यात याला ‘मानीव संमती’, म्हणजे दिली असं गृहीत धरलेली संमती, म्हटलं होतं. टीका झाल्यावर मथळा ‘काही वैध वापर’ असा बदलला, मजकूरही थोडा आवळला. कायद्यातलं उदाहरण औषध दुकानाचंच आहे : ग्राहक नंबर देते आणि पावती मोबाइलवर पाठवा म्हणते; दुकानाने नंबर तेवढ्यासाठीच वापरायचा. उदाहरण निर्मळ आहे, पण त्यात मागणी ग्राहकाची आहे. आपल्याकडे मागणारा दुकानदार असतो, आणि मागे रांग उभी असताना ‘नंबर नसला तर बिल निघत नाही’ असं ऐकल्यावर दिलेला नंबर स्वखुशीचा कसा धरायचा? नंबरसाठी अडवणूक करू नका, असं केंद्राच्या ग्राहक विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना कळवलं होतं. म्हणजे अडवणूक होते हे सरकारला ठाऊक होतं. तरी तीन महिन्यांनी आलेल्या कायद्यात काउंटरवरची ही सक्ती नाव घेऊन आलीच नाही. दिवाळीला सराफाचा ऑफरचा मेसेज आला तर तो पावतीच्या कामात बसत नाही, एवढं तरी स्पष्ट आहे. तक्रार करायची उठाठेव मात्र ग्राहकाच्या गळ्यात.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. माहिती नीट न सांभाळल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत जाईल. माहिती-तंत्रज्ञान कायद्यात ग्राहकाला भरपाईची एक वाट होती, संवेदनशील माहितीपुरतीच. मोबाइल नंबर त्या यादीत नव्हता. नव्या कायद्याने तीही वाट काढून टाकायचं ठरवलं आहे. उलट खोटी किंवा फुटकळ तक्रार केल्यास ग्राहकालाच १० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.