सोमवारी फ्लॉरेन्स : आमच्या इटली सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

सहलीचा कार्यक्रम हातात पडला की आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात फोन सुरू होतात. "अहो, सोमवारी उफिझी हे चित्रांचं संग्रहालय बंद असतं, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा ठेवलाय ते आकादेमियाही बंद. मग तुम्ही फ्लॉरेन्सला सोमवार घातलाच कसा?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर एकदाच नीट लिहून देत आहोत.

फ्लॉरेन्समध्ये आपण सोमवार आणि मंगळवार असे दोन दिवस असतो. उफिझी आणि आकादेमिया मंगळवारी दाखवतो. दोन्हींची वेळ ठरलेली तिकिटं आम्ही आधीच काढून ठेवतो, त्यामुळे डेव्हिड कुणाचाही चुकत नाही. एक दिवस अलीकडे सरकावं असं काहीजण सुचवतात. पण रविवारी प्रार्थना असल्याने कॅथेड्रल पर्यटकांना आतून पाहता येत नाही. त्यातून महिन्याचा पहिला रविवार आला, तर सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत असतो आणि रांग हलता हलत नाही. शिवाय व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंदच असतात, म्हणजे रोम शनिवारपर्यंत उरकावं लागतं. हे सगळं जुळवून सोमवार ठरलेला आहे. तिकिटं स्वस्त पडतात म्हणून तो निवडलाय असा कुणाचा समज असेल, तर तो खरा नाही.

आमचं मत विचाराल तर शहर आधी पाहावं आणि संग्रहालय नंतर. ज्या गल्ल्यांमधून आणि ज्या चौकांसाठी ही चित्रं-शिल्पं घडली, तिथून एक दिवस फिरून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी उफिझीत जास्त वेळ रमतो.

सोमवार वाया जातो तो एकाच चुकीने

ती चूक म्हणजे उशिरा निघणं. "आज संग्रहालय नाही, मग घाई कसली?" असं म्हणून मंडळी दहापर्यंत नाश्त्याच्या टेबलावर असतात, अकराला बाहेर पडतात, तासभर खरेदी करतात आणि साडेबाराला चर्चच्या दारात पोहोचतात. तेव्हा नेमकं दार लागलेलं असतं. आपल्याकडे दुपारी देवळाचा गाभारा बंद होतो, तशीच तिथली बरीच छोटी चर्च दुपारी बंद होतात, ती तीन-चारपर्यंत उघडत नाहीत. मग फोन येतो की संग्रहालयं बंद, चर्चही बंद, सगळं शहरच बंद आहे. शहर उघडंच असतं, आपण उशीर केलेला असतो. म्हणून आमचे मार्गदर्शक सकाळी साडेआठला हॉटेलच्या लॉबीत उभे असतात. ही वेळ पाळण्याचा आग्रह आम्ही सोडणार नाही.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पर्समध्ये एक ओढणी आणि खिशात युरोची थोडी चिल्लर ठेवा. चिल्लर कशाला, ते पुढे येईलच.

सकाळ

सुरुवात पियात्सा देल्ला सिन्योरिया या चौकापासून. इथला डेव्हिड ही 1910 साली बसवलेली प्रतिकृती आहे. मूळ पुतळा मात्र 1504 पासून 1873 पर्यंत याच जागी ऊनपाऊस सोसत उभा होता. तो किती उंचीवरून आणि कोणत्या इमारतीसमोरून लोकांकडे बघत होता, हे इथेच कळतं.

शेजारच्या लोजिया देई लांझी या कमानींच्या मंडपात तिकीट लागत नाही. तिथला शिल्पकार चेल्लिनीचा पर्सियस, म्हणजे ग्रीक पुराणातला वीर, 1554 चा आणि अस्सल आहे. मेडुसा राक्षसिणीचं मुंडकं उंच धरलेला हा ब्राँझचा पुतळा पाहून लोक फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तसं करू नका, मागच्या बाजूला जा. शिरस्त्राणाच्या मागे दाढीवाल्या माणसाचा चेहरा दिसतो, तो चेल्लिनीनं स्वतःचाच घडवला असं मानतात. ओतकामाच्या वेळी धातू थिजू लागला तेव्हा घरातली कथलाची ताटं-वाट्या भट्टीत टाकल्याचं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. याच मंडपात शिल्पकार जांबोलोन्याचं एकाच संगमरवरी शिळेतून काढलेलं तीन माणसांचं शिल्प आहे. त्याला पूर्ण फेरी मारा, कारण त्याला एक अशी पुढची बाजूच नाही.

तिथून थोडं चालून सान्ता त्रिनिता चर्चमध्ये जायचं, आणि बाराच्या आत. सास्सेत्ती कुटुंबाच्या चॅपलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनादालनात, चित्रकार घिर्लान्दायोनं 1485 च्या सुमारास रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. अशा ठिकाणी अंधार असला तर नाणं टाकून दिवा लावावा लागतो. चिल्लर सांगितली ती यासाठी. वरच्या चित्राची पार्श्वभूमी नीट बघा. प्रसंग रोममधला आहे, पण मागे दिसतात त्या आपण नुकत्याच पाहिलेल्या लोजियाच्या कमानी. समोरच्या माणसांत फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याचा लोरेन्झोही आहे.

दुपार आणि संध्याकाळ

दुपारी सान्ता क्रोचे. हे मोठं चर्च सोमवारी दुपारीही उघडं असतं, तिकीट आमच्याकडून. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि राजनीतीवर लिहिणारा माकियावेली यांच्या कबरी इथे आहेत. जवळच व्हिया सान रेमिजियो या गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीत पुराच्या दोन खुणा आहेत, 1333 ची आणि 4 नोव्हेंबर 1966 ची. 1966 ची खूण जमिनीपासून जवळजवळ पाच मीटरवर आहे. पंचगंगेचा पूर पाहिलेल्यांना तिथे काही समजावून सांगावं लागत नाही.

सकाळच्या चौकातला पालाझ्झो वेक्कियो हा जुना वाडा सोमवारी उघडा असतो. ज्यांना आतली दालनं बघायचीच आहेत त्यांनी मार्गदर्शकाला सांगावं. कॅथेड्रलच्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही आणि वेळ आधी ठरवावी लागते. गुडघे दुखत असतील तर घुमट खालूनच पाहावा. संध्याकाळी टेकडीवरच्या सान मिनियातो चर्चला जातो, तिथे भिक्षूंचं ग्रेगोरियन गायन, म्हणजे जुन्या पद्धतीची लॅटिन प्रार्थनागीतं, ऐकायला मिळतं.

जेवणाबद्दल थोडंच. तिथल्या पावात मीठ नसतं, पाव बिघडलेला नसतो. 'लाम्प्रेदोत्तो' म्हणजे गाईच्या पोटाचा भाग, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं. रिबोल्लिता हे घेवडा, भाजी आणि पावाचं सूप चांगलं, पण मांसाचा अर्क घातला नाही ना हे विचारून घ्यावं.

कॅसिने बाग

हा भाग आम्ही आवर्जून ठेवला आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. या बागेत, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. त्याच जागी 1874 मध्ये फुलर या इंग्रज शिल्पकारानं केलेला त्यांचा अर्धपुतळा छत्रीखाली बसवला गेला. शेजारच्या मोठ्या पुलालाही तिथले लोक 'इंडियानो', म्हणजे भारतीय, म्हणतात. बागेला दार नाही, तिकीट नाही, सोमवारची सुट्टीही नाही.

स्मारक बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे. ट्रामने गेलं तर उतरून बरंच चालावं लागतं, म्हणून दुपारी चारला आपली छोटी गाडी सोडतो. तिचे पैसे सहलीच्या दरात धरलेले आहेत. जागा मोजक्या असतात, तेव्हा यायचं असेल तर बुकिंगच्या वेळीच नाव द्या. फुलं तिथे मिळतील या भरवशावर राहू नका, हार घालायचा असेल तर आदल्या संध्याकाळी मार्गदर्शकाला सांगा, तो आणून ठेवतो.