शस्त्रक्रियेनंतर उजळणारे नसेचे मूळ

कमरेतील सरकलेली गादी काढून टाकल्यावर बहुतेक रुग्णांच्या पायात जाणारी कळ थांबते. काहींची मात्र थांबत नाही, किंवा काही महिने बरे गेल्यावर पुन्हा सुरू होते. मग शिरेतून ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे औषध देऊन पुन्हा एमआरआय काढला जातो आणि त्याच्या अहवालात ‘नसेचे मूळ कॉन्ट्रास्टने उजळते’ असे वाचले की शस्त्रक्रिया फसली, अशीच रुग्णाची समजूत होते. हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण त्या उजळण्याचा अर्थ शस्त्रक्रियेला किती काळ लोटला आहे हे पाहिल्याशिवाय लागत नाही.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांची मुळे द्रवाने भरलेल्या पिशवीतून उतरत एकेक करून बाहेर पडतात. गादी सरकण्याचे बहुसंख्य प्रकार कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांमध्ये घडतात. सरकलेली गादी मुळावर दाब देते आणि त्यातून सायटिका, म्हणजे पायात जाणारी कळ, होतो, हे मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली बॉस्टनहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले.

तपासणीत कॉन्ट्रास्ट म्हणून शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात. ज्या भागातील केशवाहिन्यांतून ते बाहेर झिरपते, तो भाग टी-१ प्रकारच्या प्रतिमेत पांढरा दिसतो. निरोगी मुळात रक्त आणि नस यांच्यामध्ये सूक्ष्म अडसर असल्यामुळे ते सहसा उजळत नाही; मुळावरील संवेदी गंडिका (संवेदना वाहणाऱ्या चेतापेशींची गाठ) मात्र निरोगी असतानाही उजळते, कारण तिथे हा अडसर नसतो. दाबामुळे किंवा सुजेमुळे अडसर सैल झाला की औषध मुळात शिरते. मूळ अनेक महिने दबलेले असते, शिवाय शस्त्रक्रियेत त्याला हलकेच बाजूला ओढावे लागते, तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यांत ते उजळले तर नवल नाही. ज्यांना कोणताही त्रास उरलेला नाही अशा रुग्णांतही हे आढळते. पुढच्या काही महिन्यांत ते ओसरते आणि सहा महिन्यांनंतरही टिकले तर त्याकडे अधिक गांभीर्याने पाहावे लागते.

याच औषधामुळे आणखी एक महत्त्वाचा भेद करता येतो. गादी काढलेल्या जागी व्रणऊती, म्हणजे जखम भरताना बनणारी ऊती, तयार होते आणि साध्या प्रतिमेत ती नव्याने सरकलेल्या गादीसारखी दिसू शकते. व्रणऊतीत रक्तवाहिन्या असल्यामुळे ती औषध दिल्यावर काही मिनिटांतच उजळते, तर गादीच्या तुकड्यात त्या जवळजवळ नसल्याने तो मधोमध काळाच राहतो आणि फार तर त्याची कड उजळते. मात्र प्रतिमा लवकर घ्याव्या लागतात. अर्ध्या तासाहून अधिक काळ गेल्यास औषध हळूहळू तुकड्यातही पसरते आणि फरक पुसट होतो. गादी पुन्हा सरकली असल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो, पण निव्वळ व्रणऊतीसाठी पुन्हा पाठ उघडून फारसा लाभ होत नाही, म्हणून हा भेद रुग्णासाठी मोलाचा आहे.

पहिल्या काही आठवड्यांतील सूज आणि रक्तस्रावाचे अवशेष जुन्या गादीचाच आभास निर्माण करतात, त्यामुळे एवढ्या लवकर केलेला एमआरआय पुष्कळदा गोंधळच वाढवतो. ताप, वाढत जाणारी तीव्र पाठदुखी, पायाची शक्ती झपाट्याने कमी होणे किंवा लघवी अडणे ही लक्षणे असतील तर मात्र थांबून चालत नाही. तिथे जंतुसंसर्ग किंवा दाब देणारी रक्ताची गाठ तातडीने शोधावी लागते.

उशिराच्या तपासणीत केवळ उजळण्यापेक्षा मूळ जाड झाले आहे का आणि जागेवरून सरकले आहे का, हेही पाहतात. तिन्ही खुणा एकाच मुळावर असतील आणि दुखणेही त्याच मुळाच्या वाटेने जात असेल, तर प्रतिमेला वजन येते. पाचव्या कटि-नसेचे (कमरेच्या भागातील पाचव्या नसेचे) मूळ दुखावले तर कळ अंगठ्याकडे जाते आणि पाऊल वर उचलणे जड होते. पहिल्या त्रिक-नसेचे (कमरेखालच्या त्रिकास्थीतील पहिल्या नसेचे) दुखावले तर ती पावलाच्या बाहेरच्या कडेला उतरते आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. डाव्या पायाची तक्रार असताना उजवे मूळ उजळलेले दिसले, तर त्या तक्रारीचे कारण दुसरीकडेच शोधावे लागते.