पाँ द्यू गार

दक्षिण फ्रान्समधील गार्दों नदीवरचा रोमन जलसेतू. उंची सुमारे ४९ मीटर. रोमनांनी बांधलेल्या जलसेतूंमध्ये हा सर्वांत उंच. १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत.

प्रवासी बहुधा हा पूल म्हणूनच पाहतात. प्रत्यक्षात तो सुमारे ५० किमी लांबीच्या पाटाचा एक तुकडा आहे. यूझेस गावाजवळच्या झऱ्याचे पाणी या पाटाने नेमॉससला, म्हणजे आजच्या नीम शहराला जाई. सरळ रेषेत हे अंतर जेमतेम २० किमी. वाटेतल्या टेकड्यांना वळसे घालत गेल्यामुळे लांबी अडीचपट झाली. एवढ्या वाटेवर एकूण उतार मिळाला फक्त १२.६ मीटर, म्हणजे सरासरी दर किलोमीटरला २५ सेंमी. उंचीपेक्षा या मोजणीचे मोल अधिक आहे. पूल फार उंच बांधावा लागू नये म्हणून पुलाच्या अलीकडे पाटाला उतार जास्त दिला. त्यामुळे पलीकडच्या लांब टप्प्यासाठी उतार अगदीच थोडा उरला आणि तिथे पाणी संथ वाहू लागले. तरीही दिवसाला अंदाजे ४ कोटी लिटर पाणी शहरात पोहोचत असे.

बांधकामाचे श्रेय पूर्वी सम्राट ऑगस्टसचा जावई अग्रिपा याला दिले जाई. उत्खननानंतर आता इ. स. ४० ते ६० हा काळ अधिक संभवनीय मानतात.

पुलाला कमानींच्या तीन रांगा आहेत: खाली ६, मध्ये ११ आणि वर लहान ३५. वरच्या मूळ ४७ होत्या. बाकीच्यांचे दगड नंतर लोकांनी काढून नेले. नदीपात्रावरच्या मोठ्या कमानीचा गाळा साडेचोवीस मीटरचा आहे. शिंपल्यांचे अवशेष दिसणारा पिवळसर चुनखडक नदीकाठच्याच, जवळच्या खाणीतला. काही चिरे सहा टनांपर्यंत वजनाचे असून खालच्या दोन्ही रांगा चुन्याविना, कोरड्या रचल्या आहेत. कमानीखाली उभे राहून वर पाहावे. एकच रुंद कमान नसून शेजारी शेजारी लावलेल्या सुट्या कमानी दिसतात: खालच्या रांगेत चार, मधल्या रांगेत तीन. एक पट्टा पुरा झाला की तोच लाकडी सांगाडा पुढच्यासाठी सरकवता येई. भिंतीतून बाहेर आलेले दगड परांचीच्या आधारासाठी ठेवलेले आहेत. काही चिऱ्यांवर ‘एफआर एस ३’ अशा धर्तीच्या खुणा कोरल्या आहेत. या खुणेचा अर्थ दर्शनी डावी बाजू, तिसरा दगड.

पाणी वाहायचे ते सर्वांत वरच्या पाटातून. तो सुमारे १.२ मीटर रुंद व १.८ मीटर खोल. चुना मात्र इथे वापरला आहे. आतून चुना आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखीचा गिलावा आणि त्यावर तांबडा लेप; वर दगडी फरशांचे झाकण. झऱ्याचे पाणी चुनखडीयुक्त असल्याने भिंतींवर पुटे चढत गेली. काही ठिकाणी थर ४० सेंमीहून जाड आहे. खरवडून काढण्याचे काम सतत चालू ठेवावे लागे. चौथ्या शतकानंतर देखभाल ढिली पडली आणि पाट बराचसा भरून आला. झाकणे हलली तिथून झाडांची मुळे आत शिरली.

पूल मात्र नदी ओलांडण्याच्या कामी येत राहिला. सतराव्या शतकात तोफा नेता याव्यात म्हणून मधल्या रांगेचे खांब कोरून अरुंद केले गेले. सगळा पूल त्याने धोक्यात आला होता. पुढे ती दुरुस्ती झाली आणि १७४३ ते १७४७ दरम्यान आँरी पितो याने खालच्या रांगेला लगटून रस्त्याचा पूल बांधला. विमानाचा वेग मोजणारी ‘पिटो ट्यूब’ याच अभियंत्याची. आज पर्यटक चालतात तो हा पूल, रोमन नव्हे. फोटोत दोन्ही एकजीव दिसतात, त्यामुळे अनेकांची फसगत होते.

पूल नीमपासून सुमारे २५ किमीवर आहे. नीम आणि आव्हीन्यों या दोन्ही शहरांतून येता येते. वरच्या पाटात जाता येते, पण केवळ मार्गदर्शकाबरोबर आणि ठरावीक हंगामातच; निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात. वेर गावाच्या बाजूला झाडीत पाटाचे पडके भाग पायवाटेने पाहता येतात. सेरन्याक गावाजवळ खडकात खोदलेल्या बोगद्यांच्या भिंतींवर टिकावाचे घाव अजून स्पष्ट आहेत. गर्दी तिथे क्वचितच असते.

नीममध्ये रोमन रंगमंडल आणि मेझों कारे हे मंदिर सगळेच पाहतात. पाटाचे टोक असलेले वाटपाचे कुंड मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ते १८४४ मध्ये सापडले. साडेपाच मीटर व्यासाच्या या गोल हौदाच्या भिंतीत प्रत्येकी ४० सेंमीची दहा भोके आहेत. त्यांतून शिशाच्या नळ्यांनी शहरभर पाणी खेळवले जाई. तळातली तीन भोके हौद रिकामा करण्यासाठी होती. कुंड रस्त्यालगतच, कठड्याबाहेरून दिसते.