धुनूची गिटार आणि बुलबुलचं गाणं

रीमा दास यांच्या 'व्हिलेज रॉकस्टार्स' या असमिया चित्रपटावर बोलताना लोक हटकून 'बुलबुल कॅन सिंग'मधलं काहीतरी त्यात घुसडतात. दिग्दर्शिका एकच, आसाममधला छायगावचा परिसर तोच, कलाकार गावातलेच, आणि दोन्हीकडे मुलगी नि संगीत. मग 'समाजाने दडपलेलं गावातल्या मुलीचं स्वप्न' हे एकच वाक्य दोघांनाही चिकटवलं जातं. ते दोन्हीकडे चूक आहे.

'व्हिलेज रॉकस्टार्स' (२०१७) बहुतेकांना माहीत असतो: सुवर्णकमळ मिळालेला, ऑस्करसाठी भारताने पाठवलेला, दहा वर्षांची धुनू आणि तिला हवी असलेली गिटार. 'बुलबुल' त्याच्या पुढच्या वर्षीचा. त्याला सर्वोत्कृष्ट असमिया चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो पहिल्याचा पुढचा भाग नाही. धुनूची पुढची गोष्ट २०२४च्या 'व्हिलेज रॉकस्टार्स २'मध्ये आहे.

खरी गल्लत होते ती संगीत नक्की कोणाला हवंय, या ठिकाणी. गिटार धुनूला स्वतःला हवी आहे. आड येतात ते पैसे आणि दरवर्षीचा पूर. गावातल्या बायका बोलतात, 'मोठी झालीस, आता मुलांबरोबर झाडावर काय चढतेस' म्हणतात, पण धुनूची आई लेकीच्या बाजूने ठाम उभी राहते. पुरात नवरा गमावलेली ही बाई मुलीला पोहायला शिकवते. ती माझ्या मते चित्रपटाचा कणा आहे. तिला वगळून 'दडपलेली मुलगी' म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

बुलबुलचं तसं नाही. ती गायिका व्हावी ही इच्छा तिच्या वडिलांची. लोकांसमोर उभं राहिलं की तिचा आवाज फुटत नाही. शिवाय हा तिच्या एकटीचा चित्रपट नाहीच. तिची मैत्रीण बोनी आणि मित्र सुमन तितकेच महत्त्वाचे आहेत. सुमनच्या बायकी वागण्यावरून पोरं त्याला छळतात. बुलबुल आणि बोनी आपापल्या मित्रांसोबत असताना गावकरी त्यांना गाठतात, मारतात, आणि नंतर शाळाही पाठीशी उभी राहत नाही. इथे पूर नाही, माणसं आहेत. बोनीचं पुढे काय होतं ते लिहीत नाही, पण संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली मुलामुलींना गाठून मारणाऱ्यांबद्दल इतक्या थेटपणे बोलणारे चित्रपट आपल्याकडे थोडे आहेत. त्याला 'गोड गाणाऱ्या मुलीची गोष्ट' म्हटलेलं वाचलं की संताप येतो.

मला दोन्हींत 'बुलबुल' जास्त मोलाचा वाटतो. पण पाहताना आधी धुनू पाहा.